टोचावे, पण टोचून बोलू नये

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक साधारणपणे तीन कामांसाठी येतात. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून घ्यायला, निवृत्त होणाऱ्या साहेबांसाठी मानपत्र लिहून घ्यायला, आणि नातवाचे नाव भलत्याच अक्षरावरून ठेवायचे ठरले की जीव मेटाकुटीला येऊन. वीस वर्षांच्या नोकरीत या तिन्ही कामांत मी तरबेज झालो आहे. परंतु गेल्या वर्षी ऐन श्रावणात माझ्या दारी एक चौथेच काम आले, आणि त्याने माझी चांगलीच परीक्षा घेतली.

काम घेऊन आली ती माझी एक जुनी विद्यार्थिनी. अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत होती. मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसून जीवशास्त्राच्या आकृत्या काढायची, आणि मी ते पाहून न पाहिल्यासारखे करायचो. त्या पुण्याईचे फळ म्हणून की काय, ती पुढे डॉक्टर झाली आणि आमच्याच तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाली.

"सर, मला एक भाषण लिहून द्या," चहाचा कप हातात घेत ती म्हणाली. "लोकांना पटेल असं. माझ्या हद्दीत काही घरं मुलांना लस टोचूनच घेत नाहीत. काही जण पहिला डोस घेतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. मी कानीकपाळी ओरडते, पण पालथ्या घड्यावर पाणी! तुमची भाषा चांगली आहे."

शेवटच्या वाक्याने मी विरघळलो. चार रात्री जागून आठ पानी भाषण सिद्ध केले. त्यात 'रोगप्रतिकारक्षमता' हा शब्द नऊ वेळा होता, 'उद्याचे सुजाण नागरिक' होते, आणि शेवटी टाळ्या घेईल अशी एक ओळही होती. लसीकरणाच्या दिवशी गावच्या अंगणवाडीसमोर उभा राहून मी ते स्वतःच वाचून दाखवले. श्रोतृवर्गात पंचवीस-तीस आया, दहाबारा आज्या, दोन आशाताई, एक नर्सबाई आणि एक शेळी. दुसऱ्या पानाला एक बाळ रडू लागले. तिसऱ्या पानाला सगळी. पाचव्या पानावर मागे बसलेल्या एका आजींनी आशाताईंना विचारलेला प्रश्न माझ्या कानावर आला : "ह्ये गुरुजी मतं मागाया आल्यात का?"

टाळ्यांची ओळ मी गाळली.

पण त्या दिवशी मला खरा धडा मिळाला तो भाषणानंतर. टेबलापाशी एक सासू-सून आल्या. बाळ आठ महिन्यांचे. कार्डावर दीड महिन्याच्या डोसाची नोंद होती. त्याखालचे रकाने कोरे. सकाळपासून डॉक्टरबाईंची चाळीस मुले तपासून झाली होती, वर पत्र्याचे छप्पर तापलेले. तिचा तोल सुटला.

"का नाही आणलं इतके दिवस? अडीच महिन्यांचा डोस का नाही दिला? साडेतीनचा का नाही दिला? पोराच्या जिवाची काळजी आहे का नाही तुम्हाला?"

तिचा शब्द न् शब्द खरा होता. परंतु सासूबाईंनी पदर सावरला, सुनेच्या मांडीवरचे बाळ उचलले आणि एक अक्षर न बोलता त्या निघून गेल्या. सून मागे वळून पाहत पाहत त्यांच्यामागून गेली.

"बघितलंत ना सर? यांना पटतच नाही!" डॉक्टरबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. रागाचे की काळजीचे, ते मला सांगता आले नाही.

मी गप्प राहिलो. कारण त्या सासूबाईंच्या जागी मी स्वतः एकदा उभा राहिलो होतो, आणि ते मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

गोष्ट २०१८ सालची. नोव्हेंबर अखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना, आधी टोचले असो वा नसो, एक डोस द्यायचा होता. बराचसा कार्यक्रम शाळांतून झाला. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिच्या वहीतून संमतिपत्र घरी आले, आणि एम.ए.ला विद्यापीठात दुसऱ्या आलेल्या या गृहस्थाने त्यावर 'नाही' लिहून सही ठोकली.

सौ.ने कारण विचारले. मी म्हटले, "एवढी घाई कशाला? व्हॉट्सॲपवर काय काय येतंय, वाचलं नाहीस का?" शाळेत बोलावणे आले. चार पालकांसमोर एका बाईंनी मला सुनावले, "प्राध्यापक असून तुम्ही असं करता? मग अडाण्यांनी काय करायचं?" झाले! तोवर माझा 'नाही' पेन्सिलीचा होता. त्या वाक्याने तो शाईचा झाला. घरी येऊन मी लशीविरुद्धचे आणखी चार लेख शोधून वाचले. सुशिक्षित माणसाचे हे एक बरे असते. आपल्या हट्टाला त्याला पुरावे सापडतात.

शेवटी सौ.ने मला आमच्या जुन्या डॉक्टरकाकांकडे धाडले. माझ्या जन्मापासून आमच्या घरचे दुखणेबाणे पाहिलेला माणूस. तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. माझे 'नाही' त्यांच्या कानावर आधीच गेले होते. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला आणि इतकेच विचारले, "काय ऐकलंस तू? मला सांग बघू सगळं."

मी सांगू लागलो. नपुंसकत्वाचा निरोप, परदेशी कंपन्या, सरकारची घाई. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. माझा साठा संपला. मग ते म्हणाले, "बरं. आणि आणखी काय?"

या 'आणखी काय'ने माझी पंचाईत केली. कारण आणखी जे होते, ते व्हॉट्सॲपवरचे नव्हते. माझ्या मोठ्या बहिणीला तान्हेपणी त्रिगुणी लस टोचली, त्या रात्री तिला ताप चढला आणि आकडी आली. आईने ती रात्र आम्हांला इतक्या वेळा सांगितली होती, की मी जन्मलोही नव्हतो तरी ती मला डोळ्यांदेखत घडल्यासारखी आठवते. कंदील, पांढरे झालेले डोळे, वडिलांचे अनवाणी धावत जाणे. संमतिपत्रावर 'नाही' लिहिले ते माझ्या हाताने. पण लिहिणारी ती रात्र होती.

डॉक्टरकाका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आईची काय अवस्था झाली असेल, ते मला माहीत आहे. मला ठाऊक आहे ते सांगू का तुला?"

मी मान हलवली.

"ती आकडी तापाची. त्या लशीने ताप येतो, आणि काही लहान मुलांना तापात आकडी येते. बघणाऱ्याचं काळीज फाटतं. मूल बहुधा पूर्ण बरं होतं. तुझी ताई आज शाळेत गणित शिकवते. ही लस ती नव्हे. हिनेही काही मुलांना आठदहा दिवसांनी ताप येतो, अंगावर बारीक पुरळ उठतं. क्वचित आकडी येते. फारच क्वचित जोराची ॲलर्जी येते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. गोवराने मात्र न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येऊ शकते, आणि गोवर मारणारं औषध अजून माझ्या कपाटात नाही." मग किंचित हसून म्हणाले, "ताईच्या त्या रात्रीनंतर तुझ्या आईने तुला लस टोचू दिली नाही. तुझा डांग्या खोकला मीच काढला. तीन वर्षांचा होतास. अडीच-तीन महिने खोकत होतास, खोकून खोकून निळा पडायचास. तेही ती सांगते का कधी?"

ते आईने मला कधीच सांगितले नव्हते.

"आता काय वाटतं तुला?" त्यांनी विचारले. "आजच ठरव असं नाही. उद्या परवा ये."

मी दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन गेलो. तिला टोचले. दीड आठवड्याने एक दिवस अंग कोमट झाले, ते उतरले. एवढीच गोष्ट. शाळेतल्या बाई आणि डॉक्टरकाका दोघेही एकाच बाजूचे. दोघांनाही माझ्या मुलीचे भलेच हवे होते. परंतु बाईंनी माझी अब्रू काढली आणि काकांनी माझी भीती काढली. फरक तेवढाच, पण तेवढ्यानेच सगळे घडले.

हे सारे मी त्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून डॉक्टरबाईला सांगितले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे भाषण नकोच?"

"भाषण नको," मी म्हटले. "व्याकरण हवं."

मराठीच्या मास्तराला सगळीकडे व्याकरणच दिसते, हे खरे आहे. पण पाहा : 'का' आणि 'काय' यांत एका 'य'चा फरक. 'का नाही आणलं?' हा दिसायला प्रश्न आहे. वास्तविक तो जाब आहे. जाब विचारला की माणूस एक तर भांडतो, नाही तर निघून जातो. 'काय झालं होतं?' असे विचारले की माणूस गोष्ट सांगू लागतो. आणि भीती नेहमी गोष्टीच्या पोटात लपलेली असते.

दुसरा शब्द 'पण'. 'तुमची काळजी मला समजते, पण...' हा 'पण' आला की आधीचे सगळे वाक्य पुसले जाते. मुलगी पाहून गेलेल्यांकडून 'मुलगी छान आहे, पण...' असे पत्र आले की पुढचे वाचायची गरज कुणाला वाटते? 'पण'च्या जागी 'आणि' घालून पाहावे. आमच्याकडे गोवराला आजही कित्येक घरांत देवीचे येणे मानतात. उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवतात. त्या डहाळ्याशी भांडून डॉक्टरांना काय मिळायचे? 'कडुलिंब राहू दे उशाशी, आणि बाळाला लसही देऊ या,' असे म्हटले तर दोन्ही एका खोलीत सुखाने नांदतात.

मला वाटले होते, हा शोध माझाच. मग डॉक्टरबाईने सांगितले, की अमेरिकेतल्या विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दारूच्या व्यसनातून लोकांना सोडवताना १९८३ साली अशाच तऱ्हेच्या बोलण्याची पद्धत मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह त्याने १९९१ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. आज जगभर डॉक्टरांना लशींबाबत बोलायलाही तीच शिकवतात. आधी विचारावे, मग परवानगी घेऊन सांगावे, आणि सांगून झाल्यावर पुन्हा विचारावे. आमच्या डॉक्टरकाकांनी ते पुस्तक पाहिले असण्याचा संभव नाही. चांगल्या माणसांना काही गोष्टी पुस्तकाआधी येतात.

बरे, हा पेच आजचा आहे असेही नाही. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली गाईच्या देवीची लस माणसाला टोचली. ती बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना, त्यांच्यापासून त्यापुढच्यांना, अशी ती लस देशभर गेली. त्याच्या पाऊणशे-शंभर वर्षांनी मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक तरीही बिचकत होते. तेव्हा आगाखानांनी लोकांसमोर ती टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांत त्याची बातमी मुद्दाम पसरवली. 'तुम्ही घ्या' म्हणण्याआधी 'मी घेतली' म्हणणे, हे ते शहाणपण.

त्याच वर्षी पुण्यात काय झाले, ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तिथे प्रश्न लशीचा नव्हता, बंदोबस्ताचा होता. पण उद्देश प्लेग आवरण्याचाच होता. गोरे सोजीर घरात शिरले, देवघरापर्यंत गेले, माणसे ओढून नेली. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या, आणि त्या सेवेतच त्यांना १० मार्चला मरण आले. रोग एकच, साल एकच. एकीकडे लोकांनी दारे लावून घेतली, दुसरीकडे आपली आजारी माणसे हाती सोपवली.

आणि लोकांची शंका दर वेळी खुळीच असते असेही समजू नये. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. एका बाटलीत दोष शिरला होता. हाफकिन यांच्यावर ठपका आला, आणि ते निर्दोष असल्याचे मान्य व्हायला १९०७ साल उजाडावे लागले. असे घडते, क्वचित घडते. ते लपवले की विश्वास जातो, आणि सांगितले की टिकतो. याच विश्वासावर पुढे देवी गेली. आपल्या देशातला देवीचा अखेरचा स्थानिक रोगी १९७५ च्या मे महिन्यातला. १९८० च्या मे महिन्यात सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मी त्याच्या पुढच्या वर्षीचा. देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस मिळेल, असे लिहिलेली एक पुसट भिंत आमच्या शाळेच्या वाटेवर होती. आम्ही मुले त्या हजार रुपयांच्या आशेने रोगी शोधत हिंडायचो. आम्हांला तो मिळाला नाही, हेच त्या भिंतीचे यश.

मात्र यश मिळाले की माणूस विसरतो. माझ्या आजीच्या दंडावर देवी टोचल्याचे दोन गोल वण होते आणि तिच्या धाकट्या भावाच्या तोंडावर देवीचे. लस का घ्यायची, हे तिला सांगावे लागले नाही. तिच्या पंक्तीला तो भाऊ रोज जेवायला बसे. आज रोग दिसत नाही, लशीचा ताप तेवढा दिसतो. आणि रोग दिसेनासा झाला म्हणजे संपला असे नव्हे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्तीत, गोवराने पुन्हा डोके वर काढले आणि मुले दगावली.

तर आम्ही कामाला लागलो. डॉक्टरबाईने केंद्राच्या मासिक बैठकीत अर्धा तास मला दिला. नर्सबाई, आशाताई, सेवक सगळे जमले. मी डोक्यावरून शाल घेऊन सासूबाई झालो. एकेकाने माझी समजूत घालायची. पहिल्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली. पण हसता हसता सगळ्यांच्या ध्यानात आले, की समजूत घालणारा माणूस बोलतोच फार. दर वेळी मी तोंड उघडायच्या आत मला उत्तर मिळत होते!

डॉक्टरबाईने एक रास्त शंका काढली. "सर, दोन तासांत चाळीस मुलं. प्रत्येकीची गोष्ट ऐकत बसले तर रात्र होईल."

"चाळीस जणींची ऐकायची नाहीच," मी म्हटले. बहुतेक आया टोचून घ्यायलाच आलेल्या असतात. त्यांना 'लस द्यायची का?' असे विचारून उगाच पेचात का पाडावे? 'आज बाळाच्या लशी आहेत, चला घेऊ या' असे सरळ म्हणावे. अमेरिकेतल्या २०१३ सालच्या एका अभ्यासात दिसले, की डॉक्टरांनी अशी सरळ सुरुवात केली तर पालक कमी अडतात. जे तरीही अडतात, त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवायची. असे चाळिसांत चारपाच. शिवाय त्यांतल्या एखाद्याची अडचण शंकेची नसतेच. एक बाई तीन वेळा आली नाही. विचारल्यावर कळले की बुधवार हा तिच्या भाजीच्या बाजाराचा दिवस. दुसऱ्या घरची माणसे ऊसतोडीला गेलेली. त्यांना आपण अडाणी म्हणून मोकळे झालो होतो.

आणखी एक गोष्ट आम्ही पक्की केली. टोचल्यावर सांगायच्या चार गोष्टी सरकारी कार्यक्रमात पहिल्यापासून आहेतच : कोणती लस, कोणत्या रोगासाठी, काय त्रास होईल आणि तेव्हा काय करायचे, पुढच्या वेळी केव्हा यायचे, आणि कार्ड जपून ठेवून बरोबर आणायचे. गर्दीत दुसरी गोष्ट नेमकी गळत होती. लोक घाबरून येईनासे होतील, या भीतीने काही जण ती मुद्दामच गाळत होते. ती न सांगितल्यानेच लोक यायचे थांबत होते.

याचा पडताळा आला तो त्या निघून गेलेल्या सासूबाईंच्या घरी. डॉक्टरबाई आशाताईंबरोबर तिथे गेली. मीही गेलो, अजिबात न बोलण्याच्या अटीवर. आजी गोठ्यापाशी शेण काढत होत्या. आम्हांला पाहून त्यांनी पाठ फिरवली. डॉक्टरबाई जोत्यावर टेकली.

"आजी, त्या दिवशी मी रागावले, ते चुकलं माझं. मागे बाळाला टोचलं तेव्हा काय झालं होतं, ते विचारायचंच राहिलं."

आजींनी पाटी खाली ठेवली. बराच वेळ गेला.

"काय व्हायचं? रातभर रडलं लेकरू. मांडी दगडावानी टणक. अंग ह्ये असं तापलेलं. ह्येचा बाप कारखान्यावर. सून वली बाळंतीण, तिला काय ठावं? मी येकटी." आजींचा आवाज खाली आला. "माजा पयला नातू असाच तापात ग्येलाय, बाई. टोचलं नव्हतं त्येला. पर तापातच ग्येला."

गोठ्यात म्हशीच्या रवंथाखेरीज आवाज नव्हता. मला आमच्या घरचा तो कंदील आठवला.

डॉक्टरबाईने घाई केली नाही. "मग त्या रात्री तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? मांडीवर घिऊन बसले. कपाळावर वली पट्टी ठेवली. अंगावर पाजायला लावलं सुनंला."

"अगदी बरोबर केलंत आजी. आम्हीही हेच करायला सांगतो. असा त्रास होईल, हे मात्र आम्ही आधी सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही." मग तिने विचारले, "मला माहीत आहे ते सांगू का?"

"सांग की."

तिने फार सांगितले नाही. ताप का येतो, तो एकदोन दिवसांत का उतरतो. मांडीवरची सूज चोळायची नाही, शेकायची नाही. औषध किती आणि केव्हा द्यायचे. राहिलेले डोस पुढे देता येतात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. घटसर्प आणि डांग्या खोकला तान्ह्या मुलाला काय करतो, ते एकाच वाक्यात. मग कागदावर स्वतःचा फोन नंबर लिहून दिला. "रात्री कधीही वाटलं तर. हे ऐकून आता काय वाटतं तुम्हाला?"

"सुनंला इचारते. बुधवारी बघू."

मी घड्याळात पाहिले. सगळ्याला नऊ मिनिटे लागली होती. माझे भाषण चाळीस मिनिटांचे होते.

बुधवारी आजी आल्या नाहीत. डॉक्टरबाईचा चेहरा उतरला, पण तिने निरोपही धाडला नाही की तगादाही लावला नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी त्या आल्या. कडेवर बाळ, मागे सून, आणि फडक्यात नीट गुंडाळलेले कार्ड. टोचताना बाळाने टाहो फोडला. आजींनी डोळे मिटून घेतले. त्या रात्री एक वाजता डॉक्टरबाईचा फोन वाजला. ताप आला होता. पाच मिनिटे बोलणे झाले. सकाळी ताप उतरला.

सगळेच आले असे सांगितले तर ते खोटे होईल. दोन मुलांचा बाप असलेला एक गृहस्थ अजून 'नाही' म्हणतो. डॉक्टरबाई त्याला वाटेत भेटली की मुलांची चौकशी करते आणि पुढे जाते. त्याच्यासाठी दार उघडे आहे, एवढे त्याला ठाऊक असावे, इतकीच तिची इच्छा. 'नाही' म्हणणारा बाप पोराचा वैरी नसतो. बहुतेक वेळा तो भ्यालेला असतो.

या नवरात्राच्या आधी मी पुन्हा त्या अंगणवाडीत गेलो होतो. या वेळी भाषण नव्हते. आजी दीड वर्षाचा डोस द्यायला नातवाला घेऊन आल्या होत्या. शेजारी एक नवीन आई तान्हे घेऊन बसली होती, घाबरलेली. आजी तिच्याकडे कलून सांगत होत्या, "आज रातच्याला ताप यील गं. मांडी सुजंल. घाबरू नगंस. वली पट्टी ठेव, पाजत ऱ्हा. माजं बी असंच झालतं."

त्या आईने मान हलवली आणि बाळाचे झबले वर केले.